शांतीचा नमस्कार

वसईकडच्या आमच्या चर्चमध्ये रविवारच्या मिस्सेच्या प्रार्थनेत फादर इंटरनेटला लगाम कुणी घालायचा, याबद्दल बोलले. "घराला जमतं त्यात सरकारने नाक खुपसू नये, घराला पेलत नाही तिथून अंग काढून घेऊ नये." खरंय. पण मधली रेघ आखायची कुणी? ऐकूनच थकवा आला.

मग एकमेकांना शांती द्यायची वेळ झाली. शेजारचे पास्कूकाका माझ्याकडे वळले. माझ्या मुलीबद्दलची अफवा वाडीच्या ग्रुपवर यांनीच पुढे ढकलली होती. "शांती असो, बाबा," म्हणत त्यांनी हात जोडले. जोडलेल्या तळव्यांमध्ये फोन होता. तिथे कुठला कायदा शिरणार? जड हातांनी मीही नमस्कार केला. तेवढ्यात फोन थरथरला, आणि माझी शांती पोचायच्या आत त्यांचे हात सुटले.