रेल्वे लाईन्सचे अप्पा

हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. सांगणार तरी कोणाला? घरात मी एकटा. लग्न केलं नाही, आणि बाहेरच्या खोलीत भिंतीपासून भिंतीपर्यंत पसरलेत ते रूळ. तुम्ही माझ्या ओळखीचे नाही, म्हणून तुम्हाला सांगतोय. ओळखीच्या माणसाच्या तोंडावर हे बोलायची हिंमत माझ्यात नाही, हे आधीच कबूल केलेलं बरं.

मी छोट्या रेल्वेगाड्या करतो. खेळणी नव्हेत — हे वाक्य मी इतक्या वेळा बोललोय की आता झोपेतही बोलत असेन. खऱ्या गाडीच्या मापानं, सत्त्याऐंशी पट लहान. उभी नोकरी एका सरकारी कचेरीत नकाशे काढण्यात गेली, निवृत्तीनंतर हात स्वस्थ बसेनात, म्हणून कुर्डुवाडीचं जुनं स्टेशन करायला घेतलं. बार्शीकडं जाणारी ती छोटी गाडी, तिचा फलाट, पाण्याची टाकी, लाकडाच्या भुशाला हिरवा रंग देऊन केलेली लिंबाची झाडं. सहा वर्षं लागली. प्लायवूडचे चार तुकडे आहेत; जोडले की स्टेशन उभं राहतं, सुटे केले की टेम्पोत मावतं.

टेम्पोत मावतं, हाच घोळ झाला. मला वाटायला लागलं, हे लोकांना दाखवावं. सोलापुरात निवृत्त माणसं काय कमी आहेत? दिवसभर पेपर वाचून झाला की दुसऱ्याचा पेपर वाचतात. त्यातल्या पाच-दहा जणांनी जरी असा एखादा डबा करायला घेतला, तर आपला एक गट होईल, रविवारी बसता येईल, कोणाचं इंजिन का अडकतंय यावर वाद घालता येईल. एवढीच हौस होती. म्हणून मी व्याख्यानं द्यायला लागलो — ज्येष्ठ नागरिक संघ, हास्य क्लब, महिला मंडळं, पूर्व भागातलं विणकरांचं मंडळ, जो बोलावील त्याच्याकडं. बोलावलं नाही तर मीच फोन करायचो.

काय सांगू तुम्हाला त्या सभांचं? मांडणी जोडायला दीड तास लागतो, आणि मला बोलायला वीस मिनिटं द्यायचे. त्यातली आठ शाल-श्रीफळात जायची. मी रुळांचे सांधे बदलून गाडी दुसऱ्या मार्गावर कशी नेतात ते जीव तोडून सांगतोय, आणि समोर चिवड्याच्या बशा फिरतायत. कोणीतरी पंख्यासाठी माझाच प्लग काढायचा, गाडी पुलावर थांबायची, आणि सगळे हसायचे. मग प्रश्न. दर वेळी तेच. एक बाई वाकून विचारायच्या, "ह्यात माणूस बसतंय व्हय?" एक गृहस्थ म्हणायचे, नातवाला एक डबा द्या की. आणि शेवटी कोणीतरी शांतपणे, अगदी काळजीनं विचारायचं — पण साहेब, ह्याचा उपयोग काय? दोन वर्षं मी त्या प्रश्नाला उत्तरं दिली. हाताला वळण लागतं, मन लागतं, इतिहास जपला जातो. माणसं मान डोलवायची आणि चहाकडं वळायची. दोन वर्षांत एकानंही साधा रुळाचा तुकडा विकत घेतला नाही. राग यायचा मला. अजून येतो. सहा वर्षं घालून केलेली गोष्ट डोळ्यासमोर धावतेय, आणि ह्यांना तिचा उपयोग हवाय!

पण मी विषय लांबवतोय. मुद्द्याच्या जवळ आलो की मी असाच बाजूला जातो.

आमचे अप्पा — माझे वडील — माळी होते. अक्कलकोट तालुक्यातलं आमचं गाव सोडून ते सोलापुरात आले आणि एका डॉक्टरांच्या बंगल्यात बागकामाला लागले, ते शेवटपर्यंत तिथंच. मागच्या अंगाला एक खोली होती, तिच्यात आम्ही चौघं. अप्पा, आई, माझ्याहून सहा वर्षांनी मोठी अक्का, आणि मी. तो बंगला रेल्वे लाईन्समध्ये होता. सोलापूरकराला हे सांगावं लागत नाही, पण तुम्ही बाहेरचे असाल तर सांगतो — रेल्वे लाईन्स हे स्टेशनजवळच्या एका वस्तीचं नाव आहे. बंगल्यांची वस्ती. रेल्वेत कामाला असण्याशी त्याचा काही संबंध नाही.

उलट अप्पांना गाडीचा भयंकर तिटकारा होता. कोळशाची इंजिनं होती तेव्हा, आणि सगळी काजळी येऊन त्यांच्या गुलाबांवर बसायची. सकाळी ओलं फडकं घेऊन ते एकेक पान पुसायचे आणि शिट्टी ऐकू आली की कानडीतून गाडीच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे. मी कुंपणाच्या भिंतीवर चढून गाड्या बघायचो, तर मला खाली ओढायचे. असा तो माणूस.

आता ऐका. एका ज्येष्ठ नागरिक संघाच्या चिटणिसांनी मला चार ओळींचा परिचय पाठवायला सांगितलं. मी लिहिलं — जन्म सोलापूर, वडील रेल्वे लाईन्समध्ये कामाला. 'माळी' हा शब्द मी लिहिला नाही. का नाही लिहिला? जागा होती की. चार ओळी होत्या, तीन अक्षरं बसली असती... नाही, दोनच. माळी. दोन अक्षरं. ती मी गाळली, तिथंच खरं म्हणजे सगळं सुरू झालं. पुढचा दोष मी त्या चिटणिसांवर ढकलत आलोय. ते बिचारे टेंभुर्णीचे, मुलाकडं राहायला आलेले, ह्या नावाची वस्ती आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी माईकवर वाचलं, पाहुण्यांचे वडील रेल्वे लाईनवर कामाला होते. पुढच्या रांगेतले एक आजोबा कान पुढं करून म्हणाले, "डायवर होते का?"

मी मान हलवली. होकारार्थी.

एवढंच. तोंडातून शब्दसुद्धा काढला नाही. पण सभेत काय झालं ते मी विसरू शकत नाही. चिवड्याचा आवाज बंद झाला. आजोबा म्हणाले, "मग तर तुमच्या रक्तातच हाय की गाडी." सगळ्यांनी माना डोलवल्या, आणि मग मांडणीभोवती गर्दी करून उभे राहिले. पाऊण तास. एकानंही उपयोग विचारला नाही. दोन वर्षांत पहिल्यांदा मला घाम पुसावा लागला नाही.

पुढच्या सभेत मी स्वतःच सांगितलं. त्याच्या पुढच्या सभेत अप्पांनी धावत येणाऱ्या एका म्हातारीसाठी गाडी थांबवून धरली. लोकांना ते फार आवडलं, मग ती म्हातारी कायमची राहिली. एकदा बार्शीचे एक गृहस्थ उभे राहिले आणि म्हणाले, मला तुमचे वडील आठवतात, मोठी मिशी होती त्यांना. अप्पांना मिशी नव्हती. मी म्हटलं, हो हो, मोठी होती. त्या दिवसापासून माझ्या व्याख्यानात अप्पांना मिशी आली. हसू येतंय ना? मलाही यायचं, सुरुवातीला.

आणि गंमत अशी की हौस वाढली म्हणावं तर तीही नाही. लोक घरी यायला लागले, पण गाडी बघून झाली की ड्रायव्हरसाहेबांचा फोटो कुठाय म्हणायचे. त्यांना गाडी नकोच होती, ड्रायव्हर हवा होता. माझी सहा वर्षांची मेहनत त्या खोट्या माणसाच्या मागं डब्यासारखी लागली. आणखी एक सांगतो. माझं स्टेशन कुर्डुवाडीचं, आणि मी कुर्डुवाडीत एकदाही व्याख्यान दिलेलं नाही. तिथून चार वेळा बोलावणं आलं. तिथं अख्खी घरंच्या घरं रेल्वेतली, माझा प्रत्येक सांधा ओळखणारी माणसं. ज्यांच्यासाठी हे सगळं केलं म्हणावं, तीच. पण तिथं कोणीतरी पहिल्या मिनिटाला विचारलं असतं — वडील कोणत्या साली, कोणत्या शेडला? चारही वेळा मी पाठदुखीचं कारण सांगितलं.

इथपर्यंत तुम्ही म्हणाल, बरं, एक थाप मारली, कोणाचं काय बिघडलं?

अक्काचं.

अक्का जुळे सोलापुरात राहायची. भावजी लवकर गेले, मूलबाळ नव्हतं. तिला दोनच गोष्टींची आवड होती, दारापुढच्या कुंड्या आणि अप्पांच्या आठवणी. कोणी कुंडीतल्या गुलाबाला चांगलं म्हणालं की ही सुरू व्हायची. आमच्या अप्पानं हे कलम असं बांधायला शिकवलं, आमचा अप्पा शेणखत हातानं चाळायचा. त्याच्या हातांना कसा वास यायचा तेही सांगायची. माळ्याची मुलगी असण्याची तिला कधी लाज वाटली नाही. माझ्याच वाट्याला ती का आली, मला माहीत नाही.

तिच्या महिला मंडळानं मला बोलावलं. ती तिथं नव्यानं जायला लागली होती, आणि माझं नाव तिनंच सुचवलं होतं. मला माहीत होतं ती समोर बसणार. पर्याय होता की नाही? त्या एका दिवशी मी नुसती गाडी दाखवून परत येऊ शकत होतो. ठरवूनही गेलो होतो तसं. पण दहाव्या मिनिटाला मागं कुजबुज सुरू झाली, दोघी उठून चहाचं बघायला गेल्या — आणि मी अप्पांना इंजिनात बसवलं. मिशीसकट. अक्का दुसऱ्या रांगेत होती. तिनं पदर तोंडाला लावला, इतरांना वाटलं, वडिलांच्या आठवणीनं भरून आलं. शेजारच्या बाईंनी तिच्या हातावर हात ठेवून विचारलं, तुमचे वडील डायवर होते, कधी बोलला नाहीत ते? अक्कानं माझ्याकडं बघितलं. मग म्हणाली, "व्हय."

मी तिला नजरेनं विनवत होतो, हे मी लपवणार नाही. तिनं ते ओळखलं आणि मला वाचवलं.

नंतर टेम्पोत प्लायवूड चढवताना ती जवळ आली. मी काही विचारायच्या आधीच म्हणालो, अक्का, लोकांना तसं ऐकायला बरं वाटतं गं. ती म्हणाली, "साकु." म्हणजे पुरे. चिडली की ती कानडीवर जायची. मग हळू आवाजात म्हणाली, "मी व्हय म्हणले. आता मला रोज व्हयच म्हणावं लागंल. तू गाडी घेऊन चाललास. मी ह्याच बायकात ऱ्हाणार हाय."

आणि तसंच झालं. तिच्या गल्लीत ती ड्रायव्हरची लेक झाली. गुलाबाला कोणी चांगलं म्हणालं की नुसती हसायची. कलम कोणी शिकवलं म्हणून विचारलं तर म्हणायची, असंच, बघून बघून. मी स्वतः ऐकलंय. तीन वर्षं ती अप्पांविषयी कोणाशी बोलू शकली नाही. माझ्याशीही बोलली नाही — माझ्याशी कशाला बोलेल? मी एकदा, फक्त एकदा, त्या मंडळात जाऊन सांगितलं असतं तरी पुरलं असतं. तिच्या घरापासून शंभर पावलांवर ते मंडळ. मी दर महिन्याला तिच्याकडं जेवायला जायचो, आणि त्याच दारावरून जायचो.

मागच्या उन्हाळ्यात अक्का गेली. मंडळानं शोकसभा ठेवली. फोटोशेजारी फळ्यावर सुंदर अक्षरात लिहिलं होतं, रेल्वेतील इंजिन ड्रायव्हर यांची ज्येष्ठ कन्या. मला दोन शब्द बोलायला सांगितलं. बंगला केव्हाच पाडून तिथं फ्लॅट झालेत, डॉक्टरांची माणसं कुठं आहेत माहीत नाही. अप्पांना ओळखणारे आम्ही दोघंच उरलो होतो, आणि त्यातली एक फोटोत होती. मी उभा राहिलो. मला वाटतं, त्या क्षणी मी काहीही बोलू शकलो असतो. मी सांगितलं, लहानपणी अप्पा आम्हा दोघांना इंजिनात बसवायचे, आणि शिट्टी वाजवायला अक्काच पुढं असायची. बायका डोळे पुसत होत्या. कोणी चुळबुळसुद्धा केली नाही. माझ्या कुठल्याच व्याख्यानाला लोक इतके गप्प बसले नव्हते.

मग हार घालायला पुढं गेलो. तेव्हा माझ्या मनात जे आलं तेच मला सांगायचं होतं, बाकी सगळं त्याच्याभोवतीचं. मनात आलं — आता हे माहीत असलेलं कोणी उरलं नाही. आणि मला बरं वाटलं.