मोटारअड्ड्याचं कलामंदिर

काल नातीच्या हळदीला गेलो आणि त्या वासानं वेल्ह्याचा जुना, संस्थानी गाड्यांचा मोटारअड्डा आठवला. संस्थान विलीन झाल्यावर गावानं चुना लावून त्याचं कलामंदिर केलं. उद्घाटक साहेबांनी फीत कापून तासभर लोककलेचा गौरव केला. मग धनगर गजी नाचायला उभे राहिले, तेव्हा भंडाऱ्याची पिशवी पाहून साहेब दचकले. "भिंती पिवळ्या होतील. नुसतं नाचा."

म्हातारे भिवाबा ढोल उतरवत म्हणाले, "भंडाऱ्याबिगर आमी ढोलाला हात लावत न्हाई. चला रं घरी!"

अख्खं गाव त्यांच्यामागं उठलं. मी कलामंदिराचा कार्यवाह; पाहुण्यांदेखत मला शरमेनं घाम फुटला. रिकाम्या सतरंजीकडं पाहत शेवटी साहेबच म्हणाले, "उधळा, बाबा."

आज शरम वाटत नाही. फीत साहेबांनी कापली, पण ती वास्तू आमची झाली ती भंडारा उधळल्यावर भिवाबांनी ढोलावर मारलेल्या पहिल्या थापेला.