भिंतीकडे तोंड केलेला संत

संतांना भजणारे लोक मी पुष्कळ पाहिलेत, पण संतांना कामाला जुंपणारा माणूस एकच पाहिला, आणि तो माझा घरमालक आहे. आखाडा बाळापुरात पोरांना चित्रकला शिकवून निवृत्त झालेले हे कॅथलिक मास्तर. गावात त्यांच्या धर्माचं हे एकच घर, चर्च लांब, आणि फादर महिन्यातून कधीतरी मोटारसायकलवर धूळ खात येणार. त्यामुळे अख्खा स्वर्ग एकहाती सांभाळायची जबाबदारी आपल्यावरच आहे, असं मास्तरांनी ठरवून टाकलंय. रोज कुणा ना कुणा संताचा सण असतोच. वरच्या मजल्यावरचे आम्ही भाडेकरू बौद्ध, देवाच्या भानगडीतून आजोबांच्या काळातच सुटलेले. पण खालून ताट आलं की आम्हाला कुठलाच संत परका नाही.

ताटात काय येणार हे संत कसा मेला त्यावर ठरतं. लॉरेन्सला म्हणे राजानं जाळीवर भाजलं, आणि तो पठ्ठ्या म्हणाला, ही बाजू झाली, आता उलटा करा. त्याच्या दिवशी वांग्याचं भरीत. "मरावं तर असं, साहेब," मास्तर चुलीवरचं वांगं उलटत म्हणतात, "जीव चालला तरी सैपाकावर ध्यान." बार्थोलोम्यूची कातडी सोलली होती. त्या दिवशी मास्तर उकडलेले बटाटे सोलत सगळी हकिगत रंगवून सांगतात, आणि माझी बायको नुसत्या वरणभातावर भागवते. अपोलोनियाचे दात उपटले, म्हणून तिच्या मानाखातर हे दिवसभर कवळी काढून ठेवतात. त्या दिवशी पाण्याच्या मोटारीची तक्रार घेऊन जायचं नाही. उत्तर मिळतं, पण कळत काही नाही.

घरातल्या संतांच्या तसबिरी मास्तरांनी स्वतःच रंगवल्यात. लॉरेन्सची आग कनेरगाव नाक्याच्या ढाब्यावरच्या भट्टीची आहे. सेबॅस्टियनला बाण मारणाऱ्यांतला एकजण हुबेहूब त्यांच्या जुन्या मुख्याध्यापकांसारखा दिसतो. फादर त्या चित्रापाशी आले की नुसते खाकरतात. पण मास्तरांचा खरा जीव अंथनीवर. हरवलेलं शोधून देणं हे त्याचं खातं. त्याच्या कडेवर बाळ येशू असतो. मास्तरांच्या चित्रात त्या बाळाला टोपडं आहे आणि गालाला काजळाची तीट. वस्तू सापडली नाही की तसबिरीचं तोंड भिंतीकडे, सापडेपर्यंत. माझ्या स्कूटरची चावी हरवली तेव्हा बिचारा अंथनी सकाळपासून भिंत बघत होता. संध्याकाळी चावी आमच्याच पिठाच्या डब्यात निघाली. "सरळ बोटानं तूप निघत न्हाई," मास्तर मिशीला हात लावत म्हणाले.

मग बाई, म्हणजे मास्तरांची बायको, विसरायला लागल्या. आधी मीठ, मग बाजारातून घरी यायची वाट, मग नाशिकच्या लेकीचं नाव. एके सकाळी त्यांनी मास्तरांनाच विचारलं, "तुमी कोणाकडं आले?" मास्तर जिना चढून वर आले आणि दारातच उभे राहून हसले. म्हणाले, "साहेब, आता मीच हरवलो." डॉक्टरांनी हात टेकले होते. राहिला अंथनी. यंदा त्याच्या सणाआधी मास्तरांनी रोज प्रार्थना केली. सणाच्या दिवशी पहाटेच उठून चपात्यांची चवड लाटली आणि बसस्टँडवर उपाशी माणसांना अंथनीच्या नावानं वाटून आले. संताला इतकं मनापासून लाच देताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

चपात्यांचं ताट आमच्याकडेही आलं होतं. रिकामं कसं द्यायचं म्हणून त्यात साखर घालून मी ते परत करायला खाली गेलो, तेव्हा मास्तर बाईंसमोर उभे होते.

"मी कोण हाव, सांग बरं."

बाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. "लाईटवाले हाव का?"

मास्तर तडक वळले. भिंतीपाशी गेले, अंथनीची तसबीर उलटी केली आणि तिच्याकडे पाठ करून उभे राहिले. मला वाटलं, गुपचूप ताट ठेवून निघावं. तेवढ्यात बाई उठल्या. तसबीर त्यांनी हळूच सरळ केली आणि पदरानं काच पुसली.

"ह्याचं तोंड काहून फिरवलं? कडेवर लेकरू हाय. घाबरंल ना ते."

मग त्या मास्तरांकडे वळल्या. "तुमी बसा की. आमचे मास्तर येतीलच आता. आज त्यांच्या अंथनीचा सण हाय, चपाती खाल्ल्याबिगर कोणाला जाऊ देत न्हाईत ते."

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मी हातातलं ताट चुलीपाशी ठेवलं.

"कसे हायेत तुमचे मास्तर?" त्यांनी विचारलं.

"येडे हायेत," बाई म्हणाल्या, आणि लाजल्या. "पण ते आल्याबिगर मला जेवण जात न्हाई."

मास्तर पाहुण्यासारखे चटईच्या कडेला टेकले. "मग थांबतो," ते म्हणाले.