चौदावा तक्ता

तलास खोऱ्यातल्या राजम्याच्या गोदामात सिर्गा कामाला लागली ती ऑक्टोबरात, मळणीच्या ऐन धांदलीत. राजम्याचा ओलावा मोजायचे काम. पहिल्याच दिवशी बुरुल एजेंनी (तिकडे वडीलधाऱ्या बाईला एजे म्हणतात) तिला भिंतीपुढे उभे केले. तिथे चौकोन आणि बाण काढलेला मोठा तक्ता होता: माल उतरल्यापासून पोती गाडीत चढेपर्यंत कोणी, कशानंतर, काय करायचे.

"इथला मालक हा," एजे म्हणाल्या. "व्यवस्थापक म्हणून तुर्दुबेक ओरडेल, ओरडू दे. हा सांगेल तसं वाग."

एजेंनी साठी कधीच ओलांडली होती. पूर्वी त्या कारखान्यात नकाशे काढायच्या. कारखाना बंद पडला, पण हातातली पेन्सिल सुटली नाही. गोदामात कामाची रीत बदलली की जुन्या तक्त्यावर पातळ कागद ठेवून त्या नवा गिरवायच्या, त्याला नंबर द्यायच्या आणि कोपऱ्यात तीन ओळी लिहायच्या: कधीपासून, कोणी सांगितले, कशासाठी. उतरवलेल्या तक्त्यावर 'कधीपर्यंत' लिहिले की तो कपाटात. त्यानंतर त्यावर शाईचा ठिपकाही पडता कामा नये. कपाटाची किल्ली एजेंच्या गळ्यात.

कार्यालयातला मेदेर प्रत्येक तक्ता संगणकात चढवायचा. पण तिथे फाइल एकच. नवी आली की जुनी गेली. एजेंची थट्टा करायला तो टपलेलाच असे.

"एजे, उरलेलं दही वाळवून त्याचं कुरुत करून ठेवतात. उरलेल्या तक्त्याचं काय करणार?"

"तू आधी तुझे सात बाप सांग, बापापासून वर सात पिढ्यांची नावं."

मेदेर धडाधड सुरुवात करायचा आणि सहाव्या नावाला हमखास अडखळायचा.

"बघ. तक्त्यालाही बाप असतात, बाळा. कोणीतरी लक्षात ठेवायला नको?"

सिर्गाही तेव्हा इतरांबरोबर हसायची. पुढे त्या हसण्याची तिला फार लाज वाटली.

डिसेंबरात तुर्कस्तानला गेलेला माल परत आला. आत बुरशी. ऑक्टोबरात भरलेली पोती, मोजणारी सिर्गा. तुर्दुबेकने तिला भिंतीपाशी नेले.

"वाच."

"पोतं शिवण्याआधी ओलावा दुसऱ्यांदा मोजा," सिर्गाने वाचले. "तुर्दुबेक बाइके, ऑक्टोबरात हा चौकोन नव्हता! नोव्हेंबरात नवा तक्ता लागला, तेव्हापासून मी दोनदा मोजतेय."

"दुसरी तपासणी इथे पहिल्यापासून आहे. म्हणजे भिंत खोटं बोलते आणि तू खरं?"

मेदेरच्या संगणकातही तेच होते. तुर्दुबेक म्हणाला, सोमवारपासून येऊ नकोस. नोकरी जायची ती जाईलच, पण कामचुकार आणि वर खोटारडी असे नाव झाले, तर त्या खोऱ्यातले दुसरे कुठले गोदाम तिला दारात उभे करणार होते? सगळेच सांगू लागले तसे सिर्गाला स्वतःचाही भरवसा वाटेना. आपणच नीट वाचले नसेल का?

ती एजेंकडे गेली. एजे एवढेच म्हणाल्या, "जेवणाच्या सुट्टीत बघते."

त्या सुट्टीत एजे चहाला आल्या नाहीत. सिर्गाने त्यांच्यासाठी ठेवलेली कत्तामा रोटी गार झाली. अखेर त्या तीन कागद घेऊन आल्या आणि सिर्गाकडे न बघता थेट तुर्दुबेकच्या खोलीत शिरल्या. सिर्गा आणि मेदेर मागोमाग.

"हा तेरावा. दुसरी तपासणी आहे. हा पंधरावा, आत्ताच भिंतीवरून काढून आणला. यातही आहे." एजेंनी मधला कागद पुढे सरकवला. "हा चौदावा. यात नाही. पंचवीस सप्टेंबर ते नऊ नोव्हेंबर भिंतीवर हाच होता."

सिर्गाला रडूच फुटले. आपण बरोबरच वाचले होते.

तुर्दुबेकने कोपऱ्यातल्या ओळी वाचल्या. "पण मी फक्त वजनकाटा दाराजवळ हलवायला सांगितलं होतं. तपासणी काढा असं कोण म्हणालं?"

"कोणी नाही. गिरवताना माझ्याकडून चौकोन सुटला. पुढे चौदावा भिंतीवर होता, म्हणून पंधरावा मी कपाटातल्या तेराव्यावरून गिरवला, काट्याची नवी जागा तेवढी घातली, आणि सुटलेला चौकोन आपोआप परत आला. पोरीनं भिंत सांगेल तेच केलं. चूक माझी आहे."

मेदेर हळूच म्हणाला, "एजे, झाकली मूठ सव्वा लाखाची. हा एक कागद चुलीत गेला असता तर कोणाला कळलं असतं?"

"सात बापांत एखादा घोडेचोर निघतो, मेदेर. म्हणून काय सहाच सांगायचे?"

मेदेरने तिन्ही कागद नीट जुळवून एजेंच्या हातात दिले.

सिर्गाची नोकरी राहिली, एजेंची वर्षअखेरीस गेली. सिर्गा पिठाचे बोरसोक तळून त्यांच्या घरी गेली. ती त्यांचे हात धरून नुसती बसून राहिली. एजेंनी गळ्यातली किल्ली काढून तिच्या तळहातावर ठेवली.

"आभार राहू देत. इतकी वर्षं माझे चौकोन मी दुसऱ्या कोणाला मोजू दिले नाहीत, तिथंच फसले. तू तसं करू नकोस."

आता तक्ते सिर्गा गिरवते. कोपऱ्यात तिने चौथी ओळ वाढवली आहे: कोणी मोजून पाहिले. नवा तक्ता भिंतीवर लागण्याआधी ती तो एजेंकडे नेते. एजे चष्मा लावून एकेका चौकोनावर बोट ठेवत मोजतात, दोनदा, आणि मगच सही करतात.

चौदावा तक्ता कपाटात आपल्या जागी आहे. या बाईने मला वाचवले, असे त्यावर लिहावे असे सिर्गाला फार वाटते. पण जुन्या तक्त्यावर काही लिहायचे नाही, हा एजेंचाच नियम. म्हणून गोदामात नवी बाई आली की सिर्गा तिला भिंतीच्या आधी कपाटापाशी नेते, चौदावा काढून पुढ्यात ठेवते आणि सगळे तोंडाने सांगते.