दुर्गा कोठारेची बदली

फणसवाडीची दुर्गा कोठारे सरकारी पाहणीसाठी सातपुड्यातल्या भिल्लांच्या पाड्यांची गरिबी मोजून परतली, तेव्हा सारं गिरगाव संयुक्त महाराष्ट्रासाठी रस्त्यावर उतरलं होतं.

कचेरीत साहेब म्हणाले, "तापीकाठची गावं आणि डोंगरातले पाडे एकत्र धरून सरासरी काढा."

"मग तापीकाठच्या सुबत्तेत उपाशी पाडे दिसणारच नाहीत, साहेब."

"सरकारला जिल्हा हवाय, पाडा नाही."

घरी तिने हे भावाला सांगायला घेतलं. "आधी राज्य तर मिळू दे," म्हणत तो सभेला पळाला. ती एकटीच जेवायला बसली. पाड्यावरचे उकडलेले कडू कंद आठवून तिने ताट बाजूला सारलं.

अखेर तिने त्याच पाड्यांजवळच्या धडगावला बदली मागून घेतली. निघाली त्या दिवशी मोर्चा होता. तिला पोचवायला कुणीच आलं नाही.