भरीव आवाज

हे मी आजवर कोणापाशी बोललो नाही — बायकोपाशीसुद्धा नाही. तुम्हाला सांगतो. पण कुठून सुरू करू?

सानगडीच्या बाजारात मडकं घेताना ते बोटानं वाजवून बघतात. आमच्या एकोडी गावात कोणाला मडकं घ्यायचं असलं तर मला सोबत नेत, असा माझा कान. त्याच कानाच्या जोरावर मला पवनचक्कीची पाती बनवणाऱ्या एका कारखान्यात तपासणीचं काम मिळालं. पातं म्हणजे काचेच्या कापडाचे थर, त्यांत राळ मुरवलेली. कुठे राळ पोचली नाही तर तेवढी जागा आतून कोरडी राहते. मी लहान हातोडीनं ठोकत जायचो. भरीव आवाज आला की सही, पोकळ आला की कापून दुरुस्ती. साहेब माझ्या कानाचं कौतुक करत आणि मी फुगायचो.

मग घासायच्या यंत्रांच्या कलकलाटात तो कान गेला. आधी डावा, मग उजवाही. बोलणं कळायचं, पण ठोक्यातला फरक कळेना. मी कोणाला सांगितलं नाही. ठोकायचो, मान डोलवायचो, सही करायचो.

देवानंद आमच्याच गावचा. थर लावायच्या आणि घासायच्या कामावर मीच त्याला चिकटवलं होतं. एका पात्याच्या बुडाशी तो थांबला. "भाऊ, इथं पोकळ वाजून राहिलं. कापून पाहू का?"

मी पुन्हा ठोकलं. काय ऐकू आलं? भरीव की पोकळ, काहीच कळलं नाही. पण कापलं असतं आणि तो खरा निघाला असता तर — माझं बिंग फुटलं असतं. आता तू मला शिकवणार का, असं म्हणून त्याला झापलं. सही केली.

पवनचक्कीवर चढवल्यावर ते पातं तिथंच मोडलं. सुदैवानं कोणाला लागलं नाही. चौकशीत तो शेजारी उभा असताना मी म्हणालो — भरीव होतं, मी ऐकलं. नंतर यानंच जास्त घासलं असेल. धडधडीत खोटं.

वाटलं, आता हा बोलेल.  पण त्याला कामावरून काढलं तेव्हा फाटकाशी एवढंच म्हणाला, "तुमच्या कानाले आलं नाही, तं माहाच हात चुकला असन, भाऊ."

आजही तो तेच मानतो. दुसऱ्या कारखान्यात जा म्हटलं तर म्हणतो, हातावर भरवसा राहिला नाही. लोकांच्या धानाच्या बांध्यांत रोपं रोवण्याच्या मजुरीला जातो. त्याची बायको माझ्याशी अदबीनं बोलते, तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं होतं. पण मेलो नाही, आणि बोललोही नाही.

या उन्हाळ्यात सानगडीच्या बाजारात त्यानं एक मडकं माझ्यापुढे धरलं. मी बोटानं वाजवलं. तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला.

घे, म्हणालो.