बसल्या जागेवरून रस्ता

अकोल्यात आमचं घर बांधणारे मिस्त्री सिमेंटचा प्रत्येक ब्लॉक बोटांनी ठोकून ऐकायचे आणि आवाज पटला तरच लावायचे. ओळंबा स्थिर झाला की भिंतीलाच सांगायचे, "जमलं तुले." काळ्या मातीत पाया खणतानाही, खाली मुरूम लागेपर्यंत त्यांनी काँक्रीट ओतू दिलं नव्हतं.

एका सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीखालची भिंत पुरी झाली. गुडघ्यांमुळे आई बसूनच स्वयंपाक करते, हे त्यांनी पाहिलं होतं. त्यांनी तिला तिथे खुर्ची टाकून बसवलं.

"मावशी, रस्ता दिसते काय?"

"नाई बापा, भितच दिसते."

सांध्यांतला सिमेंटचा माल अजून ओला होता. मिस्त्री लगेच वरचे दोन थर काढायला लागले.

"राहू द्या, नकाशात तसंच आहे," मी म्हणालो.

"नकाशेवाला उभा रायते, साहेब. मावशी बसून रायते."

काढलेला ब्लॉक न् ब्लॉक त्यांनी गुणगुणत पुसून ठेवला. दुपारी आई पुन्हा खुर्चीत बसली. समोरून शेजारीण चालली होती. घरावर अजून छत नव्हतं, तरी आईने तिला खिडकीतून हाक मारली, "ये ना वं, चहा पिऊन जाय."